डावीकडची भिंत

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपली मोठी गाडी आमच्या गळ्यात बांधून गेला. सात माणसं बसतील अशी, पांढरीशुभ्र, उंच. पुण्याहून तो ती घेऊन बुलढाण्याकडच्या आमच्या चिखलीत आला, तेव्हा गाडी आमच्या गल्लीत वळतानाच समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. घरात आम्ही दोघंच. मी शाळेतून निवृत्त, हे कचेरीतून. सात माणसांच्या गाडीत बसायला उरलेली माणसं कुठून आणायची, असं मी विचारलं. हे म्हणाले, "येतीन ना. गाडी पाहून येतीन."

आणि खरंच यायला लागली. कोणाला डोणगावला लग्नाला जायचं असायचं, कोणाला वडनेर भोलजीला लेकीच्या सासरी कुरड्या-पापड पोचवायचे असायचे, कोणाची म्हातारी दवाखान्यातून घरी आणायची असायची. कोणी विचारायचा अवकाश, हे पायात चपला घालून तयार. सगळी नोकरी एका खुर्चीवर काढलेला माणूस हा. कचेरीत ह्यांच्यावाचून कोणाचं काही अडलं असेल असं मला वाटत नाही, आणि ह्यांनाही वाटत नसावं. पण आता गल्लीत कुठल्याही घरात कुठं जायचं निघालं की ह्यांचं नाव निघायचं. हे गाडी चालवायचेही चांगली. सावकाश, हॉर्न न वाजवता, खड्डा आला तर मागच्या सीटवरच्या म्हातारीची माफी मागून. निवृत्तीनंतर आक्रसलेला माणूस त्या स्टिअरिंगमागे पुन्हा रुंद झाला होता आणि मला ते बघायला आवडायचं. तोंडावर मात्र मी त्यांना फुकटचे ड्रायव्हर म्हणायची.

अडचण एकच होती. घर बांधलं तेव्हा आमच्याकडे छोटी कार होती. तिच्यावर मीही शिकले होते, शाळेत घेऊन जायची, पुढे ती विकली. गॅरेज बांधलं ते तिच्या मापाचं. डाव्या हाताला माझ्या स्वयंपाकघराची भिंत, उजव्या हाताला कंपाउंडची, दर्शनी शटर. नव्या गाडीचं धूड त्यात शिरायचं म्हणजे गुऱ्हाळाच्या चरकात ऊस शिरतो तसं. मी तर पहिल्याच दिवशी हात जोडले. म्हटलं, ही गाडी नाही, बंगला आहे, मी हिला हात लावायची नाही.

ह्यांनी मात्र जिद्दीनं युक्ती बसवली. बसलेल्या सगळ्यांनी बाहेर गल्लीतच उतरायचं. आरसे मिटायचे. मग गाडी डाव्या भिंतीला इतकी चिकटवून आत न्यायची की गाडी आणि भिंत यांच्यात चार बोटं राहिली पाहिजेत. म्हणजे उजवीकडे ड्रायव्हरचं दार जेमतेम उघडतं आणि पोट आत ओढून माणूस बाहेर पडतो. गाडी आली त्याच आठवड्यात ह्यांनी गॅरेजची रुंदी सुतळीनं मापली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि ती सुतळी आतल्या खिळ्याला टांगून ठेवली. कशाला, ते त्यांनाच माहीत. जपून ठेवायची सवय.

मी स्वयंपाकघरात असले की भिंतीपलीकडून गाडी येताना ऐकू यायची. इंजिनाची घरघर जवळ येत जायची, फळीवरचे डबे हलके थरथरायचे, मग एकदम शांत. दार लागल्याचा आवाज आला की मी तव्यावर भाकरी टाकायची. वर्षभराहून जास्त काळ असं चाललं. एकदाही ओरखडा नाही.

मग एका पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमाराला, भिंतीतून खर्र असा आवाज आला. मी तव्यावरून नजर उचलून भिंतीकडे बघत राहिले, जणू भिंतच काही बोलली. हे आत आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. पुढच्या वेळी पुन्हा खर्र. त्याच्या पुढच्या वेळी आरशाचं टोपण निघून पडलं. तेव्हा ह्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून, कमरेवर हात ठेवून निदान केलं.

"भिंत सरकली," हे म्हणाले. "गाडीकडं सरकून राह्यली."

ज्यांना हे वेडेपणाचं वाटेल त्यांनी आमच्याकडच्या काळ्या मातीत एकदा घर बांधून बघावं. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि घराला खालून ढुसण्या देते. आषाढात न लागणारी दारं दिवाळीनंतर आपली आपण लागायला लागतात. भिंतीला तडा गेला तर आम्ही घाबरत नाही, माती हलली म्हणतो आणि सिमेंट भरून मोकळे होतो. माझ्या ओट्याच्या वर, ह्याच भिंतीत, एक तिरकी भेग होतीच. त्यामुळे भिंत सरकली हे ऐकून मला हसू आलं नाही. सरकलीही असेल, असंच वाटलं. फक्त स्वभावाला औषध नाही, म्हणून मी म्हणून गेले, "नाचता येईना अंगण वाकडं."

हे हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्याला ह्यांच्याकडे परतीचा टोमणा तयार असतो. ह्या वेळी फक्त त्या भिंतीवरून हात फिरवत राहिले.

त्या दिवसांत ह्यांची कुरकुरही वाढली होती. जेवायला बसले की, आज ठेचा नाही का केला? ठेचा समोर ताटात. मी म्हणायची, आहे ना डोळ्यांसमोर. मग हे मान खाली घालून बघायचे, हो म्हणायचे आणि खायचे. कधी लिंबू नाही दिलं म्हणून, कधी मीठ नाही म्हणून. मला वाटे, लक्ष सगळं भिंतीत, ताटात कुठून असणार. एकदा चिडून मी म्हटलंही, की आता ताट घेऊन गॅरेजमध्येच बसत जा.

गल्लीत भिंतीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरचे काका रोज ओट्यावर पेपर वाचत बसतात, त्यांनी आधीच नोंद घेतली होती. त्यांचं म्हणणं, त्यांच्याही न्हाणीची भिंत अशीच सरकली होती आणि आमच्या घराखाली तर पूर्वी पाणी साचायचं, त्यामुळे आश्चर्य ते काय. संध्याकाळी गाडी आली की काका आणि ओट्यावरचे आणखी कोणी ना कोणी रस्त्यात उभे राहून हातवारे करायचे. येऊ द्या, येऊ द्या, थोडं इकडं, आता तिकडं, बास. प्रत्येकाचं इकडं वेगळं आणि तिकडं वेगळं. पूर्वी ह्या माणसाला कोणी हात दाखवायची गरज नव्हती. त्या गोंधळात गाडी कशीबशी आत जायची आणि भिंतीतून खर्र यायचंच.

मग मिस्त्री आला. त्यानं ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं आणि भिंत थोडी कलली आहे असं सांगितलं. मी विचारलं, कोणीकडं, गॅरेजकडं की स्वयंपाकघराकडं? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही, माती आहे, आज इकडं उद्या तिकडं. उपाय मात्र त्याच्याकडे तयार होता. भिंत पाडायची आणि हातभर आत, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात, नवी उभी करायची. ओटा जाणार, फळी जाणार, पाण्याच्या माठाची जागा जाणार. भिंत सरकली गाडीकडे आणि शिक्षा माझ्या ओट्याला, हा कुठला न्याय, असं मी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे न बघता मिस्त्रीला विचारलं, कधी सुरू करता? पितृपक्षात भिंतीला हात लावायचा नाही, म्हणून घट बसले की यायचं ठरलं.

मी संतापले होते. पण संतापाच्या खाली दुसरंच काही तरी होतं आणि ते मला नीट सांगता येत नव्हतं. हा माणूस भिंत पाडायला इतका उतावीळ का? मग हळूहळू लक्षात आलं. भिंतीचा दोष नसला तर दोष ह्यांच्या हाताचा ठरतो. हाताचा ठरला तर चावी हातातून जाते. आणि चावी गेली की पुन्हा ती निवृत्तीनंतरची आरामखुर्ची. हे कळलं तेव्हा माझा राग निम्मा झाला. तरी ओटा सोडायची माझी तयारी नव्हती.

एका दुपारी हे झोपले असताना मी खिळ्यावरची सुतळी काढली. एक टोक कंपाउंडच्या भिंतीला पायानं दाबलं, दुसरं ओढत डाव्या भिंतीपाशी नेलं. गाठ बरोबर भिंतीला टेकली. शटरपाशी टेकली, मधे टेकली, आतल्या टोकालाही टेकली. भिंत जिथल्या तिथं होती. माझा ओटा वाचला म्हणून मला इतका आनंद झाला की मी ह्यांना झोपेतून उठवलं. हे उठून आले, सुतळी हातात घेतली, बोटांत चोळली.

"सुतळी आटली असन," हे म्हणाले. "पावसाच्या हवेनं आटते सुतळी."

आटते खरी. ओली झालेली सुतळी वाळल्यावर आखडते हे मलाही माहीत होतं. आता भिंत मापायला सुतळी आणि सुतळी मापायला काय आणायचं? रात्री मुलाशी फोनवर बोलताना मी त्याला विचारलं, की बाबा रे, गाडी कधी फुगते का? तो इतका हसला की पलीकडे कोणीतरी त्याला काय झालं म्हणून विचारलं. गाडीला कॅमेरा बसवून घ्या, म्हणाला. मी फोन ठेवला आणि अंथरुणावर पडून विचार करत राहिले. भिंत तीच. गाडी तीच. चालवणारा माणूसही तोच, त्याचा हातही तोच, रस्त्यावर तर अजून चांगली चालवतो. मग गाडी आत का जात नाही? शाळेत एवढी वर्षं मुलांना गणितं घातली, पण हे गणित कुठल्याही बाजूनं सुटेना. कधी वाटे, मिस्त्री म्हणतो तेच खरं. कधी वाटे, ह्यांचं मन थाऱ्यावर नाही. मन थाऱ्यावर नाही हा विचार आला की मात्र मी कूस बदलायची, कारण त्याच्या पुढचा विचार मला करायचा नव्हता.

ह्यांनी आपल्या परीनं प्रयत्न सोडले नव्हते. डाव्या भिंतीवर चुन्यानं पांढरी रेघ ओढली. आत नेताना मुंगीच्या वेगानं न्यायचे. तरी खर्र. एकदा समोरच्या काकांनी डोणगावला सोडाल का म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, टायर बसलंय. टायर चांगलं टणक होतं, सकाळीच मी त्याच्याभोवती झाडलं होतं. ह्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे बोलताना ह्यांचे कान लाल होतात. ते लाल कान बघून मला फार वाईट वाटलं. इतकं, की मिस्त्री आला तर येऊ दे, ओटा गेला तर जाऊ दे, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

पितृपक्षातलीच एक दुपार. दोन दिवसांनी सासऱ्यांच्या तिथीचा स्वयंपाक करायचा होता म्हणून हे बाजारातून भाज्या आणायला गाडी घेऊन गेले होते. पायी जाण्याजोगा बाजार, पण गाडी काढायला निमित्त हवं असायचं. गाडी गल्लीत वळल्याचा आवाज आला तशी मी हात पुसत बाहेर आले. ओट्यावर कोणी नव्हतं. म्हटलं, आज आपणच बघू, ही भिंत नेमकी कुठून आडवी येते. शटर वर केलं आणि गॅरेजमध्ये जाऊन अगदी आतल्या टोकाला, डाव्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अंगावर गडद पिवळी साडी होती. बाहेर लखलखीत ऊन होतं, आतही भरपूर उजेड होता.

गाडी समोरून आत यायला लागली. काचा बंद. हे सरळ समोर बघत होते, दातांत जीभ धरून, अवघड काम करताना धरतात तशी. मी हात वर करून येऊ द्या म्हणून खुणावलं. गाडी भिंतीच्या जवळ जवळ येत गेली. मी हातानं बास म्हटलं. गाडी येतच राहिली. मी दोन्ही हात हलवले, ओरडले. बॉनेटचा कोपरा माझ्या पोटापाशी आला तेव्हा मी सगळ्या जोरानं त्यावर थाप मारली. गाडी गचकन थांबली. हे घाबरून खाली उतरले.

"काय झालं? तू कुठून आली?"

"कुठून म्हणजे? मी इथंच उभी होती."

"इथं कुठं?" हे म्हणाले. "मी पाह्यलं ना. कोणी नव्हतं. भिंत होती."

ह्यांचे कान लाल नव्हते. हे खरं बोलत होते. माझ्या अंगावर काटा आला. गाडी मला चेपणार होती म्हणून नाही आला. एवढी पिवळीजर्द बायको हात हलवत समोर उभी असताना ह्या माणसाला तिच्या जागी मोकळी भिंत दिसली होती, म्हणून आला.

गाडी मागे घेऊन हे बाहेर गल्लीतच लावून आले. आता भिंत पडेपर्यंत इथंच राहू दे, म्हणाले. मी ताट वाढलं. हे जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, लिंबू नाही का आज?

मी ताटाकडे बघितलं. लिंबाची फोड होती, नेहमीच्या जागी, डावीकडे. तिच्याजवळ मीठ होतं आणि ठेचा होता. लहानपणी आईनं ताट वाढायला शिकवलं तेव्हापासून ह्या गोष्टी मी डाव्या बाजूला वाढत आले, भाजी उजव्या. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आणि इतक्या दिवसांत ह्यांनी ठेचा मागितला, मीठ मागितलं, लिंबू मागितलं, पण भाजी नाही का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठेचा उजवीकडे वाढला, भाजीला लागून. हात तिकडे जाईना, जन्माची सवय. हे भाकरी मोडून सरळ ठेच्याला लागले. काही मागितलं नाही. "आज ठेचा झकास झाला," म्हणाले. कालचाच होता. मी पाणी आणते म्हणून उठले, आतल्या खोलीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे भांडण होणार, हे दिसतच होतं. म्हणून मी माझेच डोळे पुढे केले. मला अंधूक दिसतं, बुलढाण्याला जाऊन दाखवू, तुम्हीही लगे हाथ दाखवून घ्या. हे गाडीची चावी घ्यायला निघाले. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. दारात एवढी गाडी असताना एसटी काऊन, म्हणून त्यांनी विचारलं. बुलढाण्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हटलं. हे मात्र ह्यांना एकदम पटलं.

डॉक्टरांनी ह्यांना एका यंत्रात तोंड घालून बसवलं. समोर उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मागे खुर्चीवर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. मधूनमधून तो बराच वेळ यायचाच नाही आणि हे शांतपणे वाट बघत बसायचे, ठिपका अजून निघालाच नाही अशा समजुतीनं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डावा डोळा बराचसा गेला आहे आणि उजव्याचीही डावीकडची कड गेली आहे. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलं ते परत यायचं नाही. उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकवता येईल. गाडी चालवणं मात्र आजपासून बंद.

ह्यांनी एकच विचारलं.

"पण साहेब, मले तिथं काळं काऊन दिसत नाही? मले तर भिंत दिसते."

डॉक्टरांनी सांगितलं, की जिथलं दिसणं गेलं तिथं अंधार दिसत नाही. मेंदू आपल्या अंदाजानं ती जागा भरून काढतो. रस्त्याच्या जागी रस्ता, भिंतीच्या जागी भिंत. ह्यांनी मान हलवली, पण समजलं की नाही कोण जाणे. मलाही पुरतं समजलं असं म्हणवत नाही. आपण डोळ्यांनी बघतो तेवढ्यातलं खरंच समोर असतं किती आणि आपण मनचं भरलेलं किती, हा घोळ माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. परतीच्या एसटीत ह्यांनी खिडकीची जागा मला दिली. माझी ती म्हण मला आठवली. अंगण वाकडं नव्हतं, आणि ह्यांना नाचताही येत होतं.

घरी आल्यावर हे त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी वेळेवर थेंब घालायची, एवढंच. चावी खुंटीला होती आणि येताजाता ह्यांचा हात तिला लागायचा, काढत मात्र नव्हते. मिस्त्रीला नको म्हणून सांगायचं राहिलं होतं. खरं तर राहिलं नव्हतं. ते सांगायचं ह्यांनी, असं मला वाटत होतं. मी सांगितलं असतं तर मीच चावी काढून घेतल्यासारखं झालं असतं. आणि मनात धाकधूक होती, की नाही सांगितलं तर? डॉक्टर काहीही म्हणोत, भिंत पाडा म्हणाले तर?

घट बसले आणि मिस्त्री आला. बरोबर पहार, घमेली, एक मजूर. मी स्वयंपाकघरातच थांबले. फळीवरचे डबे मी काढून ठेवले नव्हते. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं. मिस्त्री म्हणत होता, वरून सुरू करतो.

"राहू द्या मिस्त्री," ह्यांचा आवाज आला. "भिंत जागेवरच हाय."

मिस्त्री म्हणाला, साहेब, ओळंब्यात तर कलली होती. हे म्हणाले, नाही, जागेवरच हाय, मीच पाह्यली. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मग हे दारात येऊन म्हणाले, दोघांना चहा ठेव. मिस्त्री चहा पिऊन, एकदा भिंतीकडे आणि एकदा ह्यांच्याकडे बघत, पहार उचलून गेला.

गाडी मात्र अजून गल्लीत उभी होती. दुधाचा टेम्पो तिच्यामागे अडून हॉर्न वाजवत होता. हे खुंटीवरची चावी घेऊन आले आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवली, पिठाच्या परातीशेजारी.

"चाल," म्हणाले. "मी सांगतो."

मी म्हटलं, मला नाही जमायचं, बंगला आहे तो. हे चालत बाहेर गेले. मी हात धुऊन मागे गेले. सीटवर बसले तर पाय पोचेनात, सीट पुढे ओढावी लागली, आरसे सगळे ह्यांच्या उंचीचे. हे शटरच्या डाव्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि डावा हात पुढे केला. समोरचे काका ओट्यावरून उठून सांगायला यायला लागले, तर ह्यांनी दुसऱ्या हातानं त्यांना थांबवलं.

"येऊ दे," हे म्हणाले.

मला काही कळत नव्हतं. चाक कुठं आहे, कोपरा कुठं आहे, भिंत किती लांब आहे. डावीकडे बघितलं तर हे गाडीकडे बघतच नव्हते. मान सरळ ठेवून, डोळे समोरच्या घराकडे लावून उभे होते आणि पुढे केलेला हात गाडीची वाट बघत होता. पत्रा तळव्याला लागला तसा त्यांनी तो तिथंच टेकवून ठेवला. येऊ दे. गाडी त्यांच्या हाताखालून मुंगीच्या वेगानं पुढे सरकत राहिली, आधी बॉनेट, मग दार, मग मागचं दार. थोडं उजवीकडं घे, म्हणाले. घेतलं. पुन्हा येऊ दे. माझ्या कपाळावर घाम आला होता. भिंतीतून काही आवाज येतो का म्हणून मी कान लावून होते.

"बास," हे म्हणाले. "चार बोटं हाय."

मी इंजिन बंद केलं. मागच्या काचेतून बघितलं, तर हे खांबापाशी तसेच उभे होते, गाडी आणि भिंतीच्या फटीत आपली चार बोटं घालून. ती बरोबर बसली होती. मग मी उजवीकडचं दार उघडलं. उतरायला पुरेल एवढी जागा ह्यांनी माझ्यासाठी ठेवली होती.